आधी जमीन, मग बॉल: फॅट, थिन आणि टॉप यांवरचा धागा

जांभामाती, टिळकवाडी

गोल्फ खेळणाऱ्या नव्या-जुन्या सगळ्यांची एक तक्रार कायम असते. सात नंबर (मधल्या अंतराचा लोखंडी क्लब, म्हणजे आयर्न) मारताना आधी जमीन लागते आणि बॉल अर्ध्यावरच पडतो, हा फॅट. पुढच्याच फटक्याला क्लब बॉलच्या वरच्या भागाला लागतो, म्हणजे टॉप होतो, आणि बॉल गवतातून सरपटत जातो. दोन्हींवर वेगवेगळी औषधं सांगितली जातात. फॅट बसला की "जरा वरून मार", टॉप झाला की "डोकं खाली ठेव". दोन्हीचं मूळ एकच आहे आणि ही दोन औषधं एकमेकांचा आजार वाढवतात, म्हणून हा धागा काढतोय. सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्याच्या हिशेबानं लिहिलंय, डावखुऱ्यांनी बाजू उलट्या घ्याव्यात.

क्लबचं डोकं गोलाकार खाली येतं, एका जागी सर्वांत खाली पोचतं आणि परत वर चढतं. या सर्वांत खालच्या जागेला मी पुढे तळ म्हणणार आहे. आयर्नचा फटका चांगला बसतो तेव्हा हा तळ बॉलच्या पुढे, म्हणजे लक्ष्याच्या बाजूला, ३ ते ४ इंचांवर असतो. क्लब अजून खाली येत असतानाच बॉल लागतो आणि माती नंतर. व्यावसायिक पुरुष खेळाडूंचा सात नंबर बॉलला लागताना साधारण ४ अंशांनी खाली उतरत असतो.

तळ बॉलच्या मागे पडला की दोनच शक्यता उरतात. क्लब जमिनीत रुतला तर फॅट. जमीन चुकवून किंवा जमिनीवर आपटून वर चढताना बॉलला लागला तर थिन, त्याहून वर लागला तर टॉप. नियमाप्रमाणे बॉलचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नसतो, म्हणजे त्याची मध्यरेषा जमिनीपासून २१ मिलिमीटरवर. आयर्नची खालची धार दोन सेंटिमीटर वर आली की थेट बॉलच्या पोटात बसते. गुडघे थोडे ताठ झाले, डावं कोपर थोडं वाकलं, की झाले दोन सेंटिमीटर.

तेव्हा दुरुस्तीच्या आधी तळ कुठे पडतोय ते शोधायचं, तेही बॉल न ठेवता. क्रिकेटच्या मैदानावर मारतात ती फक्की घ्या आणि लक्ष्याच्या दिशेला काटकोनात चार-पाच फुटांची सरळ रेघ ओढा. रेघ दोन पायांच्या मधोमध येईल असं उभं राहा. सात नंबरनं दहा स्विंग करा, दर वेळी रेघेवरूनच वीतभर पुढे सरका म्हणजे खुणा एकमेकींत मिसळणार नाहीत. दहाही झाल्यावर मग वाकून बघा. खूण रेघेवर किंवा रेघेच्या पुढे सुरू होत असेल तर तळ बरोबर आहे, बिघाड दुसरीकडे आहे. मागे सुरू होत असेल तर किती बोटं मागे ते मोजून लिहून ठेवा. पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं.


खानापूरकर

रेघेची युक्ती चांगली आहे. पण आमच्या भागात जून ते सप्टेंबर जमीन इतकी भिजलेली असते की खुणेऐवजी खड्डाच पडतो. आणि मार्चनंतर तांबडी माती अशी टणक होते की खूणच उमटत नाही. दोन्ही वेळा वाचायचं कसं, तेवढं सांगा की वो.


सातनंबर, हिंदवाडी

जमीन टणक असेल तर रेघ मारू नका. रेघेच्या दोन्ही बाजूंना वीतभर रुंद फक्की पातळ भुरभुरा आणि मधोमध दोन काड्या ठेवून रेघेची जागा धरा. क्लबचा तळवा जिथे घासेल तिथली फक्की उडते आणि खाली तांबडी माती दिसते. आवाजही ऐका. बॉलच्या आधी "ठक्" आला तर आधी जमीन लागली, भले बॉल बरा गेला असेल.

हा "भले" महत्त्वाचा आहे. टणक जमिनीवर क्लब रुतत नाही, तळव्यावर उसळतो आणि बॉलच्या पोटाला लागतो. थिन बॉल खालून जोरात पळतो, उन्हाळ्यात घरंगळत लांबही जातो, म्हणून फटका चांगला बसला असं वाटतं. त्याच माणसाचा तोच स्विंग जुलैत बघा. चिखलात क्लब रुततो, बॉल तीस यार्ड. लोक म्हणतात पावसाळ्यात स्विंग बिघडतो. स्विंग तोच असतो हो, उन्हाळ्यात टणक जमीन त्याला झाकून घेते.

ओल्या जमिनीत खड्ड्याची खोली बघू नका, मागची कड बघा. रेघेच्या किती मागे सुरू झाला एवढंच हवं. खोली फार असेल तर ती वेगळी खूण: उजवा खांदा खाली पडतोय किंवा गुडघे बसताहेत.


हिरवळ, शहापूर

खोलीवरून एक विचारते. डिव्हॉट, म्हणजे क्लबनं गवत-माती उखडून पडणारा खड्डा, पडलाच पाहिजे असं सगळे सांगतात. महिला आणि शाळेतली मुलं मुद्दाम खाली कोयता घातल्यासारखं मारायला लागतात. हे बरोबर आहे का?


जांभामाती

नाही ताई, त्याची गरज नाही. व्यावसायिक महिला खेळाडूंचा सात नंबर साधारण २ अंशांनीच खाली उतरतो, पुरुषांच्या जवळजवळ निम्म्यानं. त्यांचा डिव्हॉट पातळ असतो, कधी नुसतं गवत खरवडलेलं दिसतं. तळ बॉलच्या पुढे असणं गरजेचं, खड्डा पडणं नव्हे. हरळी दाट असेल तर नुसती पाती कापली गेली तरी पुरे. मुलांना खाली मारायला सांगितलं की ती हातांनी कुदळ घालतात, वजन मागेच राहतं आणि तळ आणखी मागे जातो.


जांभामाती

आता कारणं, मी ज्या क्रमानं तपासतो त्या क्रमानं.

पहिलं वजन. बैलगाडीचं चाक आसाच्या बरोबर खाली जमिनीला टेकतं. आस पुढे सरकला की टेकायची जागाही पुढे जाते. स्विंगमधला आस म्हणजे छातीचं मधलं हाड. मागे नेताना छाती उजवीकडे सरकली आणि खाली येताना तिथेच राहिली, तर हात कितीही चांगले असोत, तळ मागेच पडणार. बॉल लागताना तीन चतुर्थांशाहून जास्त भार डाव्या पायावर हवा. आणि तो बॉल लागताना नव्हे, त्याच्या बराच आधी जायला लागतो. मागचा स्विंग पुरता संपायच्या आतच डाव्या पायाला दाब सुरू व्हायला हवा. हात वर पोचल्यावर मग वजन टाकू म्हणणाऱ्याला वेळच उरत नाही.

तपासणी सोपी आहे. फटका संपल्यावर तीन आकडे मोजेपर्यंत तसेच उभे राहा. उजवा पाय उचलून बघा. तोल न जाता उचलता आला तर वजन गेलंय. मागे झोक गेला तर राहिलंय.

दुसरं मनगट. वरून खाली येताना उजव्या मनगटाचा कोन लवकर उघडला की क्लबचं डोकं हातांना मागे टाकून पुढे पळतं. बॉल लागायच्या आधीच ते तळाला पोचून वर चढायला लागतं. यामागे बहुतेक वेळा बॉल हवेत उचलायची इच्छा असते. सात नंबरच्या तोंडाला आजकाल साधारण २८ ते ३४ अंशांचा उतार असतो, बॉल वर नेण्याचं काम तो उतार करतो. आपण खालून उचलायला गेलो की बिघडलंच.

तिसरं उठणं. खाली येताना कंबर बॉलच्या दिशेनं पुढे येते, छाती वर जाते, हातांना जागा उरत नाही. यातून थिन होतो, शँकही होतो (बॉल क्लबच्या दांड्याकडच्या कोपऱ्याला लागून बाजूला उडतो). कधी कधी शरीर उठलंय हे हातांना कळतं आणि ते पोचण्यासाठी लवकर सुटतात, मग फॅट. म्हणून एकाच माणसाला सकाळी फॅट आणि दुपारी थिन.


वेंगुर्लारोड

जांभामाती, क्रमाबद्दल माझं मत वेगळं आहे. आधी बॉलची जागा बघा, वजन नंतर. निम्म्या लोकांचा बॉल डाव्या टाचेसमोर असतो आणि सात नंबरला ती जागा फारच पुढे आहे. दोन मिनिटांत सुटणारा प्रश्न सोडून लोक दोन महिने वजन हलवत बसतात.

मोजायचं कसं: बॉलसमोर दोन्ही पाय जुळवून उभे राहा. वेजला (जवळच्या फटक्यांचा, तोंडाला जास्त उतार असलेला क्लब) दोन्ही पाय सारखेच बाजूला न्या, बॉल मधोमध राहतो. सात नंबरला डावा पाय थोडा कमी, उजवा थोडा जास्त. बॉल मध्यापासून एका बॉलएवढा पुढे येतो. पाच नंबरला आणखी अर्धा बॉल पुढे. डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला फक्त ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब क्लब, कारण तेव्हा बॉल टीवर (छोट्या खुंटीवर) असतो आणि वर चढताना लागला तरी चालतो.

आपल्याकडे आणखी एक भाग आहे. हा हॉकीचा मुलूख. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या सुवर्णसंघातले बंडू पाटील बेळगावचेच. इथल्या कितीतरी जणांच्या हातात हॉकीची सवय आहे. हॉकीत पाऊल टाकत बॉलला भिडायचं असतं, म्हणून पुढच्या पायासमोरचा बॉल चालतो, कारण अख्खं शरीर त्याच्याकडे धावत असतं. गोल्फमध्ये पाय जागचे हलत नाहीत. तीच बॉलची जागा धरली की तळ चार बोटं मागे.


सातनंबर, हिंदवाडी

हॉकीचा मुद्दा पटला. पण बॉल मागे घेण्यात एक धोका आहे. वजन मागे राहणाऱ्या माणसानं बॉल मागे घेतला की फटका दोन दिवस बरा बसतो. मग शरीराला कळतं की बॉल मागे आहे, छाती आणखी मागे सरकते आणि पुन्हा फॅट. तो पुन्हा बॉल मागे घेतो. अशानं बॉल उजव्या पायासमोर गेलेले लोक असतात. त्यांचा बॉल खालून जातो, उजवीकडे जातो आणि क्लबची पुढची धार मातीत खुपते.

म्हणून बॉल एकदा मोजून योग्य जागी ठेवा आणि मग ती जागा सोडू नका. तळ बॉलकडे आणायचा, बॉल तळाकडे न्यायचा नाही.


वेंगुर्लारोड

हे मान्य. मोजून एकदाच ठेवायचा. माझा आग्रह एवढाच होता की आधी मोजा तरी.


अथणीचा

आमच्याकडे काळी माती. कोरडी असताना भेगा, पाऊस पडला की क्लबला चिकटून बसते. फक्कीची रेघ भेगांत जाते. मग काय करावं?


सातनंबर, हिंदवाडी

तुमच्यासाठी पंचा. जुना पंचा चार घड्या घालून बॉलच्या मागे जमिनीवर आडवा टाका. पुढची कड बॉलपासून सहा बोटांवर, साधारण साडेचार इंच. अर्ध्या स्विंगनं मारा. पंचा हलला तर तळ मागे. तो लागला तरी हाताला धक्का बसत नाही, मऊ असतो. आठ-दहा वेळा सलग न हलवता जमलं की कड चार बोटांवर आणा. त्याहून जवळ नको. नाहीतर लोक पंचाला चुकवण्यासाठी क्लब सरळ उभा खाली आपटायला लागतात आणि ती नवीन सवय मोडायला जास्त दिवस जातात.

पंचाऐवजी लाकडाची पट्टी, वीट, दगड असलं काही ठेवू नका. मनगट जाईल.

काळी माती क्लबच्या खाचांत बसते ती दर फटक्यानंतर काढायला लागतेच. खाचा बुजल्या की चांगला बसलेला बॉलही वेगळा जातो, आणि आपण चांगल्या स्विंगवर शंका घेत बसतो. जुना दात घासायचा ब्रश आणि ओला फडका पुरतो.


जांभामाती

सराव कसा करायचा ते सविस्तर लिहितो, कारण इथेच घाई होते.

पूर्ण स्विंगनं सुरू करू नका. घड्याळाच्या हिशेबानं हात ९ वर नेऊन ३ वर थांबवा, म्हणजे मागे डावा हात जमिनीला समांतर, पुढे उजवा हात समांतर. सुरुवातीलाच वजन डावीकडे साठ टक्के ठेवा. उजव्या पायाची टाच उचलून फक्त चवड्यावर टेकवा आणि पाऊल थोडं मागे घ्या. आता छाती उजवीकडे सरकायला आधारच उरत नाही. याच स्थितीत बॉल न ठेवता पाच स्विंग रेघेवर, खुणा बघायच्या. मग बॉल ठेवून पाच. मग पुन्हा बॉलशिवाय पाच. असे तीन फेरे झाले की त्या दिवसाचं हे काम संपलं. शंभर बॉल मारून हे येत नाही, दमल्यावर माणूस पुन्हा जुन्या सवयीनं मारतो.

नजर बॉलच्या मागच्या कडेवर नको, पुढच्या कडेवर ठेवा. त्याहून बरं, बॉलच्या पुढे तीन बोटांवर एखादं पान किंवा फक्कीचा ठिपका धरा आणि क्लबनं तो खरवडायचा असं ठरवा. बॉल वाटेत येतो म्हणून लागतो.

मनगटासाठी गोणपाट. धान्याच्या रिकाम्या पोत्यात जुने कपडे, चिंध्या घट्ट कोंबून तोंड शिवून टाका. वाळू किंवा माती भरू नका. पोतं बॉलच्या जागी ठेवा आणि सावकाश क्लबचं डोकं त्यात दाबा. मारायचं नाही, दाबायचं. या स्थितीत स्वतःकडे बघा: दोन्ही हात क्लबच्या डोक्याच्या पुढे, डाव्या मनगटाची मागची बाजू सपाट आणि लक्ष्याकडे, कंबर लक्ष्याकडे थोडी वळलेली, वजन डावीकडे, उजवी टाच सुटायला लागलेली. पाच सेकंद धरा. दहा वेळा. नंतर हलक्या अर्ध्या स्विंगनं याच स्थितीत पोचा.

उठण्यासाठी भिंत. क्लब न घेता भिंतीला पाठ करून, दोन्ही कुल्ले भिंतीला जेमतेम टेकतील असं वाकून उभे राहा. मागे वळताना उजवा कुल्ला भिंतीला दाबला जातो, पुढे येताना डावा. मधल्या क्षणी दोन्ही सुटले तर कंबर बॉलकडे गेली. घरात रोज दोन मिनिटं, मैदानावर जाण्याची गरज नाही.


नवखा_चिक्कोडी

डोकं खाली ठेवायचं की नाही, हे राहिलंच की अण्णा. आमचे सगळे ज्येष्ठ हेच सांगतात.


जांभामाती

ज्येष्ठांना जे दिसतं ते खरं असतं: डोकं वर गेलेलं दिसतं. पण डोकं आपणहून वर जात नाही, छाती वर जाते आणि डोकं तिच्यासोबत जातं. डोकं जबरदस्तीनं खाली धरलं की हनुवटी छातीला चिकटते, डाव्या खांद्याला वर जायला आणि उजव्याला खालून पुढे यायला जागा उरत नाही. मग हात वाकतात, डावं कोपर बाहेर फुटतं आणि बॉल टॉप होतो. सांगायचंच असेल तर असं सांगावं: बॉल लागेपर्यंत पुढे वाकलेली छाती तशीच राहू दे, बॉल गेल्यावर डोकं छातीबरोबर वळू दे. क्लब आणि बॉल एकमेकांना लागून असतात ते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढे. तेवढ्यात कोणी डोकं उचलू शकत नाही, जे बिघडतं ते त्याआधीच बिघडलेलं असतं.


डॉक्टर_कॅम्प

एक वैद्यकीय सूचना, कारण टणक मैदानावर हा धोका खरा आहे. वारंवार फॅट बसल्यानं क्लबच्या मुठीचं टोक डाव्या तळहातात करंगळीच्या बाजूला दाबलं जातं. तिथं हॅमेट नावाच्या हाडाचा आकड्यासारखा भाग असतो, तो तडकू शकतो. लक्षणं: तळहाताच्या त्या भागात दाबलं की दुखणं, मूठ घट्ट धरताना ताकद कमी पडणं, कधी करंगळी आणि अनामिकेत मुंग्या. नेहमीच्या एक्स-रेमध्ये हे सहज निसटतं. त्यासाठी वेगळ्या कोनातला एक्स-रे किंवा सीटी लागतो. "मुरगळलंय" म्हणून महिनाभर चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना नेमकी जागा दाखवा आणि गोल्फ खेळता हे सांगा.

कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणंही याच धक्क्यांनी वाढतं. दुखत असेल तर जमिनीवर मारणं थांबवा. टीवर अर्धा इंच उंच बॉल ठेवून अर्धे स्विंग चालतील, तेही मारताना दुखत नसेल तरच.


हिरवळ, शहापूर

रबरी मॅटवर सराव करणाऱ्यांसाठीही लिहा कोणीतरी. मॅटवर सगळे चांगले मारतात.


वेंगुर्लारोड

मॅट फॅट लपवते, ताई. क्लब दोन इंच मागे लागला तरी रबरावरून घसरत पुढे जातो आणि बॉल जवळजवळ नेहमीसारखा उडतो. खाली काँक्रीट असेल तर मनगटाला धक्का मात्र पूर्ण बसतो. म्हणून मॅटवर अंतर बघू नका. बॉलच्या चार बोटं मागे मॅटवर खडूची रेघ मारा आणि फटक्यानंतर क्लबच्या तळव्यावर खडू आलाय का बघा.

क्लबच्या तोंडावर कुठं लागलं ते बघायला टाल्कम पावडर पातळ भुरभुरा. खालच्या दोन-तीन खाचांत ठसा असेल तर थिन. दांडा क्लबच्या डोक्याला जोडतो त्या बाजूला असेल तर शँकच्या वाटेवर आहात, उभं राहण्याचं अंतर तपासा.

घरी करायचं असेल तर काथ्याचं जाड पायपुसणं. गच्चीवर ठेवा, त्याची मागची कड बॉलच्या जागेला येईल असं उभे राहा. बॉल नाही. क्लबनं पायपुसण्याचा पुढचा भाग "सर्र" घासला पाहिजे, मागची कड उलटता कामा नये. उलटली तर तळ मागे. पायपुसणं घसरतं, दोन वीटा पुढच्या टोकाला लांब ठेवून अडवा, क्लबच्या वाटेत येणार नाहीत अशा.


खानापूरकर

आमच्याकडे सपाट जागा कमीच. चढ-उतारावर हे सगळं कसं बदलतं?


सातनंबर, हिंदवाडी

उतारावर, म्हणजे डावा पाय खाली असेल तर, फॅटचा धोका सर्वांत जास्त. मागची जमीन उंच असते, क्लब आधी तिला भिडतो. खांदे उताराला समांतर करा, बॉल एक-दीड बॉल मागे घ्या, वजन डाव्या पायावर, आणि फटक्यानंतर उताराच्या दिशेनं एक पाऊल चालत गेलात तरी चालेल. बॉल खालून जातो, म्हणून तोंडाला जास्त उतार असलेला, एक नंबर वरचा क्लब घ्या, सातच्या जागी आठ.

बॉल पायांपेक्षा उंच असेल तर जमीन आपल्या जवळ आलेली असते, मूठ एक-दोन इंच खाली धरा नाहीतर फॅट ठरलेला. बॉल पायांपेक्षा खाली असेल तर उलट, थिन होतो. गुडघे जास्त वाकवा आणि शेवटपर्यंत तसेच ठेवा. चढावर, डावा पाय उंच, तिथं वजन मागे राहणारच. पूर्ण जोर लावू नका, मोठा (लहान नंबरचा) क्लब घेऊन तीन चतुर्थांश स्विंग करा.


नवखा_चिक्कोडी

जुना सेट विकत घेतलाय असा एक मित्र आहे, उंचीनं कमी. क्लब लांब असले तर फॅट होतो का?


वेंगुर्लारोड

होतो. लांब क्लबला जागा करायला माणूस ताठ उभा राहतो किंवा हात छातीकडे ओढतो. तपासा: नेहमीसारखं उभं राहून सात नंबर टेकवा. टोकाचा भाग हवेत आणि टाच टेकलेली असेल तर क्लब लांब किंवा जास्त उभा आहे. तात्पुरतं एक इंच खाली धरून महिनाभर खेळू द्या. सुधारणा दिसली तरच दांडा कापायचा विचार करा. कापला की क्लबचं डोकं हातात हलकं लागतं आणि दांडाही कडक वाटतो. गुळगुळीत झालेल्या मुठी मात्र लगेच बदला. पावसाळ्यात निसटू नये म्हणून माणूस घट्ट आवळतो, मनगट लाकडासारखं होतं आणि हात वेळेवर सुटत नाहीत. बदलायच्या आधी साबणाच्या कोमट पाण्यानं आणि ब्रशनं घासून बघा, अर्ध्या मुठी तेवढ्यानं परत पकड देतात.


हिरवळ, शहापूर

शेवटचं. ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, कडेला, वीस-पंचवीस यार्डांवरून छोटा चिप (हलका, बुटका फटका). तिथं फॅट झाला की बॉल दोन फूट जातो.


जांभामाती

ताई, तिथं कारण वेगळं असतं. लोक बॉल फार मागे घेतात, हात फार पुढे ढकलतात. वेजचा तळवा गोल असतो, घसरायसाठी बनवलेला. हात पुढे ढकलले की तळवा उचलला जातो आणि पुढची धार सुरीसारखी खाली येते. ओल्या जमिनीत ती रुततेच. पाय जवळ, वजन डावीकडे साठ-सत्तर टक्के, बॉल मधोमध, हात बॉलच्या जेमतेम पुढे. छाती वळवून मारा, नुसत्या हातांनी नको.

जुलै-ऑगस्टात जास्त बाउन्सचा (तळव्याच्या फुगवट्याचा कोन) वेज घ्या, १० अंश किंवा वर. फेब्रुवारी ते मे, टणक तांबड्या मातीवर तोच वेज उसळून बॉलच्या पोटात बसतो. तेव्हा ४ ते ६ अंशांचा, किंवा सरळ आठ नंबरनं बॉल घरंगळू द्या. गवत छोटं आणि वाट सपाट असेल तर कडेवरून पटरच (ग्रीनवर बॉल घरंगळवायचा क्लब) काढा.

बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, सरावाच्या स्विंगला वाळूला स्पर्श केला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळतात तेव्हा) दोन फटक्यांचा दंड आहे, तेव्हा तळ शोधायचं काम बाहेर गवतावर उरकून आत जा. पावसाळ्यात बॉल साचलेल्या पाण्यात किंवा स्वतःच्याच खड्ड्यात रुतलेला असेल तर तसाच मारू नका. रुतलेल्या बॉलला बंकर आणि पेनल्टी एरिया (तलाव, नाला अशी खूण केलेली जागा) सोडून बाकी ठिकाणी दंडाशिवाय सुटका मिळते. साचलेल्या पाण्यातून बंकरमध्येही मिळते, पण बॉल बंकरच्या आतच ठेवून. पेनल्टी एरियात मात्र नाही. रुतलेल्या बॉलवरचा फॅट स्विंगमुळे नसतो, त्यावरून स्विंग बदलायला जाऊ नये.


खानापूरकर

फक्की आणि पंचा दोन्ही बॅगेत ठेवले. उतारावर दीड बॉल मागे म्हणालात ते सात नंबरला की सगळ्यांना?


सातनंबर, हिंदवाडी

मध्यम उतार, आठ-सात-सहा नंबर. वेजला एकच बॉल, तो आधीच मधोमध असतो. उतार फार तीव्र असेल तर लांब क्लब काढूच नका, वेजनं सपाट जागी आणा आणि तिथून पुढचा मारा.